सभासदांची यादी कोणाच्या कपाटात?

कामगार संघटनेची निवडणूक मतमोजणीच्या दिवशी बिघडते, असे वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून वाटते. खुर्च्या त्या दिवशी उडतात, पोलीस त्या दिवशी येतात, म्हणून बातमीही त्याच दिवसाची होते. वास्तविक ती निवडणूक चार-सहा महिने अगोदरच बिघडलेली असते. सभासदांची यादी सरचिटणीसांच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सरचिटणीसांच्या खिशात. वर्गणी गोळा करणारा माणूस ठराविक पाळीत, ठराविक वस्तीत फिरकतच नाही आणि मग 'वर्गणी थकली' असा शेरा मारून नेमकी तीच नावे यादीतून गळतात. सर्वसाधारण सभेची नोटीस कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर लागते, जिथे फक्त पदाधिकारीच बसतात. सभेत हात वर करून मतदान घेतले जाते, आणि हात मोजणाऱ्याच्या शेजारी मुकादम उभा असतो. एवढी तयारी झाल्यावर मतमोजणीत गडबड करण्याची गरज कोणाला उरते?

आज हा विषय घेण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने १९२६ चा ट्रेड युनियन कायदा मोडीत काढला. शंभर वर्षांत एक वर्ष कमी असताना तो कायदा गेला. संहितांवर कामगारांचा रोष आहे आणि तो रास्त आहे. संपाच्या हक्काला घातलेली कुंपणे, मालकाला दिलेली कामगार कपातीची मोकळीक यावर पुष्कळ लिहिले गेले. पण संघटनेच्या आतल्या निवडणुकीवरून वाद झाला तर दाद कोणाकडे मागायची, याचा रस्ताही या संहितेने बदलला आहे. त्याबद्दल आमच्या लोकांत चर्चा होताना दिसत नाही.

आम्ही हा प्रश्न मुंबईच्या परळ-लालबागमधून पाहत नाही, मालवण तालुक्यातल्या धामापूरमधून पाहतो. धामापूर म्हटले की पर्यटकाला तलाव आठवतो आणि काठावरचे भगवतीचे देऊळ. हा तलाव १५३० साली नागेश देसाई यांनी बांधला, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु दोन डोंगरांमध्ये बांध घालायला दगड कोणी वाहिले, माती कोणी तुडवली, याची यादी कोणाच्या दप्तरी नाही. पाचशे वर्षांपूर्वी यादी ठेवण्याची पद्धत नव्हती म्हणून हे सोडून देऊ. आज पद्धत आहे, कायदा आहे, संगणक आहे. तरीही चिरेखाणीवर जांभा कापणारा, गवंड्याच्या हाताखाली राबणारी, काजूच्या कारखान्यात बी फोडणारी, ही माणसे किती संघटनांच्या याद्यांत नावानिशी सापडतात?

या भागाला गावऱ्हाटीचा इतिहास आहे. देवळात पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, गाऱ्हाणे कोण घालणार, हे सारे जन्माने ठरलेले. मानकरी निवडला जात नाही, तो जन्मतो. आणि ज्यांच्या वाट्याला मानाऐवजी फक्त कामे आली, तेही जन्मानेच. अशा गावातून जो माणूस मुंबईला गिरणीत गेला, त्याच्या आयुष्यात संघटना ही पहिलीच अशी जागा होती, जिथे पुढारी निवडायचा असतो आणि निवडणारा आपणही असतो. ही लहान गोष्ट नव्हती. पण पुढे काय झाले? युनियनमधले पदही मान होऊन बसले. एकदा अध्यक्ष तो मरेपर्यंत अध्यक्ष, आणि त्याच्यामागे मुलगा किंवा पुतण्या. गावऱ्हाटी मुंबईला गेली, गिरणीच्या फाटकातून आत शिरली आणि युनियनच्या कार्यालयात खुर्ची टाकून बसली.

इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला पाहिजे. १९२८ साली मुंबईतले गिरणी कामगार महामंडळ फुटले. एका बाजूला अर्जुन आळवे, दुसऱ्या बाजूला मयेकर. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि मोठ्या संपाच्या लाटेवर पाहता पाहता देशातली सर्वांत बलाढ्य कामगार संघटना झाली. १९२९ चा संप फसला, युनियन खिळखिळी झाली आणि पुढाऱ्यांत दोन तट पडले. कांदळकरांचा गट म्हणे आम्ही युनियन, देशपांडे-रणदिवे यांचा गट म्हणे आम्ही युनियन. नाव एक, बावटा एक, दावेदार दोन. जुलै १९३१ मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन कलकत्त्याला भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. मुंबईच्या गिरणी कामगारांचे खरे प्रतिनिधी कोण, हा वाद तिथे उभा राहिला, निकाल कांदळकर गटाच्या बाजूने गेला, आणि देशपांडे-रणदिवे मंडळींनी बाहेर पडून रेड ट्रेड युनियन काँग्रेस काढली. देशाची मध्यवर्ती कामगार संघटना फुटली, ती या एका वादावर. दोन्ही तट पुन्हा एकत्र यायला १९३५ साल उजाडले.

या प्रकरणात दोन्ही बाजूंनी तत्त्वाच्या मोठमोठ्या गोष्टी केल्या. कोण क्रांतिकारक आणि कोण सुधारणावादी, मॉस्को काय म्हणते, रॉय काय म्हणतात, यावर कागद खर्ची पडले. पण परळच्या चाळीतल्या एका खोलीत वीस-वीस जण मिळून राहणाऱ्या, राजापूर-मालवणकडच्या सभासदाला 'बाबा रे, तुझा प्रतिनिधी कोण?' असे विचारून, त्याचे मत मोजून हा वाद मिटवता आला असता. तसे झाले नाही. त्याच्या युनियनचा निकाल कलकत्त्याच्या मांडवात लागला.

आणि याच काळात आणखी एक प्रश्न या मांडवांच्या बाहेर उभा होता. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार अधिक, पण तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने स्पृश्यांना विटाळ होईल! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार सारा एक, असे गर्जून सांगणाऱ्यांना आपल्याच फाटकाच्या आतली ही भिंत पाडावीशी वाटली नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, त्याच्यामागे हा अनुभव होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला, हेही विसरता कामा नये. भेद दाखवायचा आणि लढ्यात मागे राहायचे नाही, अशी ती रीत होती.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांना मान्यता देणे मालकावर सक्तीचे करणारे विधेयक आणले. १९४६ मध्ये ते नव्या रूपात आले आणि १९४७ मध्ये कायदा झाला. या कायद्यात मान्यतेसाठी ज्या अटी होत्या त्या मुळातून वाचण्यासारख्या आहेत. संघटनेच्या कार्यकारिणीची बैठक सहा महिन्यांत निदान एकदा झाली पाहिजे, अशी एक अट. आणि दुसरी अशी, की संघटनेच्या नियमांनी कामगारांच्या कोणत्याही वर्गाला सभासदत्वापासून वगळता कामा नये. विणकाम खात्याची ती भिंत आठवा आणि मग ही अट पुन्हा वाचा. मालकाने संघटना मानली पाहिजे, पण संघटनेनेही सगळा कामगार मानला पाहिजे! हा कायदा मंजूर होऊनही कधी अमलात आणला गेला नाही. स्वातंत्र्यानंतर आलेल्या कोणत्याच सरकारला ती अधिसूचना काढण्याची सवड मिळाली नाही.

तेव्हा मुंबई प्रांतात १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा होता. या कायद्याने त्या त्या भागातल्या उद्योगात पंचवीस टक्के सभासद दाखवणाऱ्या एकाच संघटनेला 'प्रातिनिधिक' ठरवले, आणि कापड गिरण्यांत तो शिक्का राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. सभासद मोजायचे ते वर्गणीच्या पावत्यांवरून, मतपेटीतून नव्हे. याचा स्फोट १८ जानेवारी १९८२ ला झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. सामंत मूळचे देवबागचे, म्हणजे याच मालवण तालुक्याचे. बोनस आणि पगारवाढ तर हवीच होती, पण तो कायदा रद्द करा, आमची संघटना आम्हाला निवडू द्या, हीही मागणी होती. सरकारने कायद्याकडे बोट दाखवले. कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांचा प्रतिनिधी तोच होता, ज्याच्याविरुद्ध गिरणी कामगार रस्त्यावर उतरला होता. संप कधी मागे घेतला गेला नाही, तो विरून गेला. त्या एका न झालेल्या गुप्त मतदानाची किंमत कोकणातल्या घराघरांनी मोजली. मनीऑर्डर बंद झाली, पोरांची शाळा सुटली. ज्याला कुळाची जमीन होती तो भातशेतीला लागला, ज्याला तीही नव्हती तो लोकांच्या बागेत मजुरीला गेला. बौद्धवाडीत बहुतेक दुसराच प्रकार होता.

सामंतांची चिकित्साही केली पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या युनियनांत तरी नियमित निवडणुका, छापलेली यादी, वेळेवर सभा यांचा आग्रह किती होता? कामगाराचा 'डॉक्टरसाहेबां'वर विश्वास होता आणि विश्वास असला की नियम कोणी विचारत नाही. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती ही अधोगतीची आणि हुकूमशाहीची वाट असल्याचा इशारा दिला होता. तो युनियनच्या कार्यालयालाही लागू आहे. आणि आमच्या घरालाही. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती तुकडे झाले? त्यातला कोणता तुकडा सभासदांच्या मतमोजणीने पडला? प्रत्येक वेळी बैठक झाली, घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी पत्रक निघाले. सभासदांची यादी कोणी मागितली नाही, कारण ती नव्हतीच.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते, की भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते. हे वाक्य आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो आणि खाली बसतो. ते नियम काय होते, हे पाहण्याचे कष्ट मात्र घेत नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात वाद मिटवण्याच्या पद्धती दिल्या आहेत, त्यांत 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने निर्णय ही एक. मत द्यायचे ते शलाकेने, लाकडाच्या कांडीने. या कांड्या वाटून गोळा करणारा भिक्खू संघाने रीतसर ठराव करून नेमायचा. त्याची पात्रता अशी, की तो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाहून जाणारा नसावा, आणि कोणते मत पडले, कोणते पडले नाही हे त्याला कळत असावे. मतदानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त मतदानात रंगाने वेगळ्या केलेल्या कांड्या एकेका भिक्खूपुढे धरून, ही अमुक मताची, ही तमुक मताची, हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस, असे सांगायचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतला हा निवडणूक निर्णय अधिकारी आहे! आमच्या किती संघटनांनी मतपत्रिका वाटणाऱ्या माणसाची अशी पात्रता आपल्या घटनेत लिहिली आहे?

मात्र येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अधम्माची बाजू बहुसंख्य दिसली तर मतदान नीट झाले नाही म्हणून ते परत घ्यावे, असा अधिकारही त्या भिक्खूला विनयात दिलेला आहे. तो संघ धम्माला बांधलेला होता, तिथे त्याचे काही समर्थन असेल. आजच्या सरचिटणीसांच्या हाती हे कलम पडले तर ते दर तीन वर्षांनी वापरतील. म्हणून विनयातले शलाकाग्राहकाचे गुण घ्यावेत आणि हा अधिकार तिथेच ठेवावा. मत मोजणाऱ्याला निकाल फिरवण्याचा अधिकार नसावा. बुद्धाने स्वतःच्या शब्दालाही तपासून घ्यायला सांगितले, तेव्हा असे निवडून घेण्यात धम्माचा अवमान होतो असे आम्हाला वाटत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९२६ च्या कायद्याचे सहावे कलम सांगत होते, की संघटनेच्या नियमांत सभासदांची यादी ठेवण्याची आणि ती सभासदाला पाहू देण्याची तरतूद असलीच पाहिजे. पदाधिकारी कसे नेमायचे, कसे काढायचे, हेही नियमांत हवे. २००१ च्या दुरुस्तीने पदाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे केली, आणि ही मर्यादा नव्या संहितेतही आहे. म्हणजे यादी पाहणे हा सभासदाचा हक्क होता, सरचिटणीसांची मेहेरबानी नव्हती. पण हक्क डावलला तर? निबंधक म्हणजे रजिस्ट्रार दप्तरात नावे बदलून घेई, वादाचा न्याय करण्याची सत्ता त्याला नव्हती. इतर राज्यांत दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. महाराष्ट्राने १९६८ च्या दुरुस्तीने वेगळी वाट काढली होती. अमुक माणूस पदाधिकारी आहे की नाही, सभासद आहे की नाही, त्याला बेकायदा काढले की काय, असा वाद निदान सहा महिने सभासद असलेल्या कोणालाही निबंधकाच्या संमतीने औद्योगिक न्यायालयात नेता येई. न्यायालय आपल्या देखरेखीखाली निवडणूक घ्यायला लावू शके आणि निकाल लागेपर्यंत कारभारासाठी समिती नेमू शके. तरतूद चांगली होती. अडचण त्या 'संमती'ची होती. संमतीचा अर्ज पडून राही, तोवर जुने पदाधिकारी करारावर सह्या करून मोकळे होत.

नव्या संहितेच्या बाविसाव्या कलमाने हे वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दिले आहेत. संघटनेची नोंदणी, कारभार किंवा पदाधिकाऱ्यांची निवडणूक यावरून सभासद आणि संघटना यांच्यात वाद झाला तर सभासद न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. ज्याला सभासदत्वच नाकारले गेले, तो कामगारही करू शकतो. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद. संहितेतल्या वाईटात ही एक बाब आम्ही बरी मानतो, विशेषतः सभासदत्व नाकारलेल्याला दिलेला अर्जाचा हक्क. आमच्या लोकांना दारातच अडवले जाते, तेव्हा दाराबाहेरच्याला दाद मागता आली पाहिजे.

पण यात एक मेख आहे. अर्ज कुठे करायचा? संघटनेचे नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात असेल, तिथल्या न्यायाधिकरणाकडे. कोकणात काम करणाऱ्या कित्येक संघटनांच्या कागदावरचा पत्ता मुंबईचा असतो. धामापूरच्या एखाद्या कामगार बाईचे नाव यादीतून गळले, तर तिने पाचशे किलोमीटरवर मुंबईला जाऊन दाद मागायची. तारीख पडली की पुन्हा जायचे. जितक्या दिवसांची मजुरी बुडेल तेवढ्यात वर्षांची वर्गणी भरून झाली असती. ज्या पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार, तो मात्र संघटनेच्याच पैशाने वकील देणार. म्हणजे तिच्या वर्गणीतून तिच्याविरुद्ध वकील!

यादीचे महत्त्व आता आणखी वाढणार आहे. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर मस्टरवरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटीच वाटाघाटी करणार. तशी कोणी नसेल तर वीस टक्क्यांच्या वरच्या संघटनांची मिळून परिषद होणार. यात 'मस्टर' हा शब्द नीट पाहा. मस्टरवर कोण आहे? मुंबई महानगरपालिकेत कचरा उचलणारे २,७०० कंत्राटी सफाई कामगार कायम व्हावेत म्हणून कचरा वाहतूक श्रमिक संघाला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. ही माणसे वर्षानुवर्षे पालिकेचा कचरा उचलत होती आणि पालिकेच्या हिशेबी तिची कामगारच नव्हती. त्यांत बहुसंख्य कोण, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. जो मस्टरवर नाही त्याची टक्केवारीत गणना नाही, आणि ज्याची गणना नाही त्याच्या वस्तीत वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन कोण येणार? आशाताई आणि अंगणवाडीताई यांना तर सरकार पगार देत नाही, मानधन देते.

गुप्त मतदान खर्चिक आहे, किचकट आहे, कामगार अडाणी आहे, ही कारणे आता कोणी सांगू नयेत. रेल्वेने डिसेंबर २०२४ मध्ये देशभर तीन दिवस गुप्त मतदान घेऊन संघटनांची मान्यता ठरवली. गँगमनपासून लोको पायलटपर्यंत सर्वांनी मत टाकले. त्याआधी २००७ आणि २०१३ मध्येही तसे झाले होते. अन्न महामंडळाच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाची पद्धत पायरीपायरीने घालून दिली. मतदारयादी प्रसिद्ध करणे, हरकती घेणे, त्या ऐकणे, सारे त्यात आहे. शंभर सभासदांच्या बांधकाम कामगार संघटनेला याच्या दहाव्या हिश्श्याचीही दगदग पडणार नाही. यादी समाजमंदिराच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर महिनाभर लावावी. थकलेली वर्गणी मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत स्वीकारावी आणि पावती द्यावी. संघटनेची घटना मराठीत छापून प्रत्येकाच्या हाती द्यावी. निर्णय अधिकारी संघटनेबाहेरचा असावा, मग तो निवृत्त शिक्षक असो की वकील, आणि त्याचे नाव आधीच्या सर्वसाधारण सभेत मताला टाकावे. हरकत आली तर तिचा निकाल त्याने लेखी द्यावा, तोंडी नको. न्यायाधिकरणात पुढे हा कागदच उपयोगी पडतो.

सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे, की संघटनेच्या आतल्या निवडणुकीच्या वादाची सुनावणी सभासदाच्या जिल्ह्यात व्हावी. सिंधुदुर्गचे जिल्हा मुख्यालय ओरोसला आहे आणि धामापूरहून तिथे जाऊन संध्याकाळी घरी परत येता येते. न्यायाधिकरणाने तीन महिन्यांतून एकदा तिथे येऊन बसावे आणि अर्ज मराठीत, वकिलाशिवाय स्वीकारावा. संघटनांनी यासाठी सरकारची वाट पाहू नये. आपल्या नियमांत एक दुरुस्ती करून नोंदणीकृत कार्यालय जिथे सभासद आहेत तिथे आणणे त्यांच्याच हातात आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडायला सूचक आणि अनुमोदक, असे दोनच सभासद लागतात.